चंद्राची मटकी

गगनबावड्याच्या रस्त्यावर एक मंगल कार्यालय आहे. रविवारी त्याच्या बऱ्याच अलीकडून गाड्या लागलेल्या दिसल्या, तर लग्न आहे असं समजू नये. आत मोडवाले महाराज बसायचे.

दारात नारळ-हारांच्या शेजारी एक बाई निळ्या झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या विकायची. पुरुषांनी बाटली घ्यायची, इमारतीच्या मागं जाऊन भरायची, झाकणावर नाव लिहून घ्यायचं आणि रांगेत उभं राहायचं. रांगेत सगळे असायचे. तालमीत मेहनत केलेले, मानेचा पत्ता नसलेले गडी असायचे. साखर कारखान्यातले साहेब असायचे. कॉलेजात शिकवणारे एक सर होते, ते चष्मा सारखा पुसायचे. सगळ्यांनी बाटली अशी धरलेली असायची, जशी काय देवाच्या अभिषेकाची. बायका बाजूच्या जाजमावर डोईवर पदर घेऊन बसायच्या. त्यांच्या हातात काही नसायचं. त्यांच्या नशिबाचा निकाल त्या बाटलीत होता.

केरबा चौगुले खांबाला टेकून हे बघत होता. त्याची सगळी नोकरी पशुसंवर्धन खात्यात गेलेली. गावोगाव फिरून त्यानं म्हशी-गाईंना रेतन केलं, बैलांना चिमटे लावले, अडलेली वासरं ओढून काढली. भोगावतीकाठच्या त्याच्या गावात त्याला अजून डॉक्टरच म्हणत. अशा माणसाला मुताच्या वासाची शिसारी येत नाही. पण इथं त्यात उदबत्तीचा वास मिसळला होता. त्याची मात्र आली.

तो आला होता लेकीसाठी. अनुजा शिवाजी पेठेत साळोख्यांच्या घरी दिलेली. जावई पृथ्वीराज, गाड्यांचं वर्कशॉप, पेठेतल्या संघातून एके काळी फुटबॉल खेळलेला. लग्नाला काही वर्षं झाली, पाळणा हलला नव्हता. विहीण तानाबाईंनी निरोप धाडला होता, "महाराज म्हणत्यात पोरीच्या बापानं हजर ऱ्हायाचं. या पावणं."

माईक खरखरला. भगव्या सदऱ्यातला, तेल लावून केस मागं वळवलेला माणूस झोपाळ्यावर बसला होता.

"ऐका बाबांनो! नवरा म्हंजे बी. बायकू म्हंजे रान. बी किडकं आसंल तर रान काय करंल? पेरणीच्या आधी बी तपासता का न्हाय?"

"तपासतो!" गर्दी म्हणाली.

"कशात तपासता?"

"वल्या पोत्यात!"

"शाबास! मग सवताचं बी तपासाया का लाजता? शेरातले डॉक्टर काचंखाली बघत्यात. काच कुणी केली? माणसानं. आमी मटकीत बघतो. मटकी कुणी केली? देवानं. आता मला सांगा, इस्वास कुणावर ठेवायचा?"

"देवावर!" चष्मा पुसणारे सरसुद्धा म्हणाले.

रीत अशी होती. महाराजांच्या डाव्या हाताला तांब्याची कळशी, तिच्यात चंद्राची मटकी. उजव्या हाताला पितळी कळशी, तिच्यात सूर्याची. पहिल्या खेपेला आलेल्या रोग्याला चंद्राची मटकी मिळायची. ती मातीच्या बोळक्यात टाकायची, वर लोटाभर पाण्यात रोग्याच्या बाटलीतले दोन थेंब, आणि पांढऱ्या फडक्यानं तोंड बांधायचं. पुढच्या रविवारी फडकं सोडलं, की मटकी मेलेली. एकाही दाण्याला मोड नाही. म्हणजे बी मेलेलं. मग महाराज चूर्ण द्यायचे. अश्वगंधा, कवचबीज, गोखरू, सफेद मुसळी अशी दहा नावं ते घडाघड म्हणायचे आणि शेवटी डोळे मिटून सांगायचे, "अकरावीचं नाव घ्याचं न्हाय. गुरूची आन हाय." चूर्णाच्या तीन पुनवा झाल्या, की पुन्हा बाटली. या खेपेला रोगी सुधारला म्हणून मटकी सूर्याची. आणि फडकं सोडलं, की बोळकं मोडांनी भरलेलं.

"चंद्राची वेगळी आणि सूर्याची वेगळी का?" केरबानं शेजारच्या माणसाला विचारलं.

"रोग्याला थंड, निरोग्याला गरम. एवडं बी कळंना व्हय तुमास्नी?" तो माणूस खेकसला.

पृथ्वीराजचं नाव पुकारलं. तीन पुनवा चूर्ण खाऊन त्यानं मागच्या रविवारी दुसरी बाटली दिली होती. केरबानं त्याला बरेच दिवसांनी पाहिलं. गडी फुगल्यासारखा झाला होता. दंड सदऱ्यात मावत नव्हते, आणि ऐन तिशीत पोरवयासारखे गालभर पुटकुळ्या. महाराजांनी फडकं सोडलं, बोळकं ताटात उपडं केलं. बोटभर मोड आलेली मटकी ताटात सांडली. टाळ्या, शिट्ट्या. पेठेत गोल झाल्यावर होतो तसा गलका. पृथ्वीराजची छाती आणखी पुढं आली.

महाराजांनी हात वर करून गलका थांबवला.

"बी जागं झालं. आता पीक आलं न्हाय, तर दोष बियाचा न्हाय." त्यांनी बायकांच्या जाजमाकडं बघितलं. "दिवाळीपत्तुर वाट बगा. न्हाय जमलं तर रान बदला."

तानाबाईंनी मान डोलावली. मलकापूरकडची एक मुलगी त्यांनी आधीच बघून ठेवली आहे, हे केरबाच्या कानावर आलेलं होतं. आता ते उगाच कुणाचं बोलणं राहिलं नाही.

"रानानं बी सवीकारायचं," महाराज म्हणाले आणि ताट अनुजाच्या पुढं आलं. नवऱ्याच्या मुतावर आलेले मोड बायकोनं सगळ्यांसमोर खायचे, हा तिथला प्रसाद.

अनुजा बी.एस्सी. झालेली. तिनं ताटाकडं बघितलं, मग बापाकडं.

"न्हाय खायाचं पोरी," केरबा म्हणाला.

"पावणं, गप बसा की!" तानाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या पोराचं बी जागं झालंय, आन तुमची लेक नाक मुरडती?"

अनुजानं मूठ भरली, तोंडात घातली आणि चावली. सगळी गर्दी तिच्या जबड्याकडं बघत होती. परत येताना कळे गावाच्या पुढं तिनं गाडी थांबवायला लावली आणि उसाच्या कडेला बसून आतडी बाहेर येईपर्यंत ओकली. केरबा तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. पृथ्वीराज गाडीतून उतरला नाही. तानाबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "आता ह्ये पोटात ऱ्हाईल कसं?"

पण त्याआधी मंगल कार्यालयातून निघताना केरबा एकटाच मागं फिरला होता आणि नाव नोंदवणाऱ्या चेल्यापुढं जाऊन उभा राहिला होता.

"पावणं, तुमी? ह्या वयात?" चेला म्हणाला, आणि रांग खिदळली.

"माझं न्हवं. आमच्या गुंडूचं नाव घ्या."

"पोरगा का?"

"घरातलाच हाय. लहानाचा मोटा मीच केलाय."

"जोडी जमून किती वर्सं झाली?"

"झाली की बरीच."

"पोरबाळ?"

"एक न्हाय."

"काम काय करतो?"

"रानातच असतो. पडंल ते ओढतो."

"दारू, मावा?"

"शिवत न्हाय."

"गुणी हाय म्हनायचा!"

"लई गुणी."

"मग आणला न्हाय?"

"लोकात आला की बुजतो."

"आसू दे, आसू दे. बाटली आणली तरी चालतंय."

हे सगळं केरबानं नंतर अनुजाला सांगितलं. ओकून ओकून तिचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणून तानाबाईंनीच कंटाळून पंधरा दिवस तिला माहेरी सोडली होती.

"आण्णा," ती म्हणाली, "गुंडू म्हणजे आपला गुंडू?"

"दुसरा कोण?"

गोठ्यात गुंडू बैल कडबा चघळत उभा होता. त्याला वयात येतानाच केरबानं स्वतःच्या हातानं चिमटा लावला होता. खच्ची बैल. त्याला वासरू होणं म्हणजे दगडी पाट्याला मोड येणं. त्या दिवशी अनुजा बऱ्याच दिवसांनी हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

गुंडूची बाटली भरायला केरबाला काही अडचण आली नाही. सकाळी दावणीला उभं राहून डबा धरायचा, एवढंच. पुढच्या रविवारी तो बाटली घेऊन गेला. चेल्यानं चंद्राच्या कळशीतली मूठभर मटकी त्याच्या हातावर ठेवली, "आपल्या हातानं टाका." केरबानं निम्मी बोळक्यात टाकली आणि निम्मी विजारीच्या खिशात.

घरी आल्यावर त्यानं ती ताटलीत ओतली आणि मग त्याला काय करावं सुचेना. मटकी भिजवायचं काम या घरात अंबूबाई करायची. वर्षानुवर्षं बुधवारी ती मटकी भिजत घालायची आणि गुरुवारी सकाळी फडक्यात बांधून खुंटीला अडकवायची. ती गेल्या पावसाळ्यात गेली. पोटाचा कर्करोग. दवाखाना, ऑपरेशन, सगळं केलं. उशीर झाला होता, तसं डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. शेवटच्या दिवसांत असाच एक वैदू दारात आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. अंबूबाई कॉटवर पडलेली, शुद्धीत. तो तिच्याकडं बघत म्हणाला, "माझ्याकडं आधी आणली असती तर वाचली असती." केरबानं त्याला हाकलला. पण ती ऐकून बसली. दिवस मावळताना तिनं विचारलं, "खरंच वाचले असते का हो मी?" केरबा नाही म्हणाला. तिला ते पटलं की नाही, हे त्याला कधीच कळणार नाही. मरणाच्या दारातल्या बाईच्या मनात एक माणूस फुकटचा काटा टोचून निघून गेला होता.

त्यानं फळीवर हात घातला. अंबूबाईचं फडकं घडी करून तसंच ठेवलेलं होतं. अनुजानं आणखी एक जुना रुमाल आणला. एकात महाराजांची मटकी, दुसऱ्यात घरातल्या डब्यातली. दोन्ही नुसत्या नळाच्या पाण्यात भिजवल्या आणि बांधल्या.

गाठी सोडल्या तेव्हा घरच्या मटकीला टचटचीत मोड आले होते. महाराजांची मटकी फुगून चिकट झाली होती, तिला आंबूस वास मारत होता. मुताचा थेंबही लागला नव्हता, तरी बी मेलेलंच.

अनुजानं खिशात उरलेला एक कोरडा दाणा उचलला. मागचं आठवून क्षणभर थांबली, मग चावला.

"आण्णा, ही भाजलीय."

"काय?"

"मंद आचेवर. रंग फार बदलू द्यायचा नाही. आई भाजणीला भाजायची तशीच चव आहे. चावून बघा."

केरबानं चावला. दाणा कच्च्यासारखा दाताला टणक लागला नाही, कुटकन फुटला. तोंडात खमंग चव आली. एवढंच होतं तर! गावोगावचे शेतकरी, सोयाबीनच्या पिशवीतले दाणे गोणपाटात गुंडाळून उगवण बघितल्याशिवाय जे पेरत नाहीत, ते लोक भाजलेल्या मटकीपुढं हात जोडून उभे होते. पेरणीच्या आधी बी तपासायची त्यांची शहाणी सवयच त्या माणसानं त्यांच्या गळ्याला फास म्हणून लावली होती.

"जाऊन सांगूया का आत्ताच?" अनुजा म्हणाली.

"सांगून कोण ऐकणार? सूर्याची मटकी उगवते, ती देवाची म्हणतील. गुंडूच्या तीन पुनवा होऊ दे."

पण पृथ्वीराजला सांगणं भाग होतं. केरबा शिवाजी पेठेत गेला, वर्कशॉपच्या मागच्या बाकड्यावर बसून त्यानं सगळं सांगितलं. पृथ्वीराजच्या मानेची शीर फुगली.

"मामा, लेकीत दोष हाय म्हणून माझ्यावर चिखल उडवताय व्हय? ह्यो दंड बघा. आधी होता का असा? चूर्णानं अंगात वाघ शिरलाय माझ्या!"

"वाघ शिरला ते दिसतंय. पण पोर वाघाला व्हायचंय का तुमाला?"

त्यानं हातातला पाना भिंतीवर फेकला. केरबा उठून आला.

त्यानंतर एक दिवस पृथ्वीराज आपणहून गावाकडं आला. दारात चप्पल काढून खाली बघत बसला. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्यानं अनुजावर हात उगारला होता. मारला नव्हता. पण तो हात वर गेलेला त्याचा त्यालाच दिसला आणि तो घाबरला.

"मी असा नव्हतो, मामा. तुमी मला वळखता."

"वळखतो."

"डोकंच फिरतंय. कशानंबी फिरतंय."

"चला प्रीतीकडं."

डॉ. प्रीती कांबळे केरबाच्याच गावची. तिचा बाप आणि केरबा एका बाकावर शिकलेले. कोल्हापुरात तिचा वंध्यत्वाचा दवाखाना होता. पृथ्वीराज तिला बघून दारातच थबकला. तो वर्षापूर्वी एकदा, घरी कुणाला न सांगता, इथं येऊन गेला होता.

प्रीतीनं त्या वेळी त्याला सांगितलं होतं, शुक्राणू कमी आहेत, पण आहेत, औषधानं जमण्यासारखं आहे. तो परत आला नव्हता. 'कमी' हा शब्द त्याला सोसला नव्हता.

या खेपेला तिनं रक्त घेतलं, नमुना घेतला आणि चूर्णाची पुडी ठेवून घेतली. मग त्याला सूक्ष्मदर्शकापुढं बसवलं.

"मागच्या वेळी तुम्ही यातून बघितलं होतं. आठवतंय काय दिसलं होतं?"

"बेडकाच्या पिलांसारखी वळवळत होती. थोडी."

"आता बघा."

तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. चक्री त्यानं स्वतः फिरवली, डोळा बदलला.

"दिसंना काय."

"कारण काही नाही. एकही नाही."

केरबानं आयुष्यभर रेताच्या नळ्या हाताळल्या होत्या. वळूचं रेत काचेखाली बघितल्याशिवाय नळीत भरत नाहीत, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक दूधवाल्याला ठाऊक आहे. त्यानंही वाकून बघितलं. वाळून गेलेल्या तळ्यासारखं ते दिसत होतं.

"अकरावी वनस्पती काय आहे सांगू?" प्रीती म्हणाली. "कारखान्यात बनलेली गोळी. पुरुषी हार्मोनची. तालमीतली, जिममधली पोरं चोरून घेतात ना, तीच जात. माझ्याकडं अशी पोरं येतात, म्हणून बघताक्षणी ओळखलं. रक्तानं खूण पटली. पुडी प्रयोगशाळेत तपासून घेते. बाहेरून एवढं हार्मोन आलं, की मेंदू म्हणतो, आता आतल्या कारखान्याची गरज नाही. आणि शुक्राणू करणं बंद करतो. दंड फुगतात, मुरमं येतात, राग अनावर होतो. मर्दपणा वाढल्यासारखा वाटतो, आणि बी आटतं."

"म्हंजे माझं होतं ते बी…" पृथ्वीराज पुन्हा काचेवर वाकला.

"चूर्ण आजपासून बंद. पण परस्पर नाही, माझ्या देखरेखीखाली. बऱ्याच जणांचं काही महिन्यांत पुन्हा सुरू होतं. तुमचं होईलच असं वचन मी देत नाही. वचन महाराज देतात."

"आणि ती बाकीची झाडपाल्याची दहा नावं?" केरबानं विचारलं. "ती पण खोटी?"

"झाडपाला खोटा नसतो, काका. कितीतरी औषधं झाडांतूनच आलीत. अश्वगंधेवर अभ्यास चाललेत. पण त्यालाही एक रीत असते. निम्म्या लोकांना चूर्ण द्यायचं, निम्म्यांना तसंच दिसणारं साधं पीठ. कुणाला काय दिलं हे देणाऱ्यालाही कळू द्यायचं नाही. मग सगळ्यांचे नमुने काचेखाली मोजायचे. फरक पडला तर पडला म्हणायचं, नाही पडला तर नाही. आणि काही झाडं उलटीही असतात, बी कमी करणारी. न मोजता कसं कळणार?"

केरबाला फडक्याची आणि रुमालाची गाठ आठवली. एकात महाराजांची, एकात घरची. रीत तीच होती.

गुंडूची तिसरी पुनव झाली. मधल्या काळात गुंडूच्या नावच्या पुड्या प्रीतीच्या कपाटात जमा होत होत्या. दुसरी बाटली देऊन आठवडा झाला, निकालाचा रविवार आला. दिवाळी तोंडावर होती. मलकापूरच्या पावण्यांना तानाबाईंनी त्याच दिवशी मंगल कार्यालयात बोलावलं होतं, महाराजांच्या तोंडून 'रान बदला' एकदा पक्कं म्हणवून घ्यायला. अनुजा जाजमावर बसली होती. या खेपेला डोईवर पदर नव्हता.

"गुंडू चौगुले!" चेल्यानं पुकारलं.

महाराजांनी फडकं सोडलं. बोळकं मोडांनी फुललेलं.

"बगा, बगा! केवडं जोमदार! ह्या गड्याच्या घरात वर्साच्या आत पाळणा हलंल. जुळं झालं तरी नवल मानू नका. कुटं हाय गुंडू?"

"भाईर टेम्पोत हाय," केरबा म्हणाला. "आशीर्वाद घेऊन जाईल म्हणतोय."

"आणा की आत!"

आणला. पृथ्वीराजनं दावं धरलं होतं. गुंडूच्या गळ्यात घुंगरं होती, त्यांचा आवाज आधी आला, मग शिंगं. गर्दीत कुणाच्या तरी तोंडून हसू फुटलं.

"ह्यो गुंडू," केरबा मोठ्यानं म्हणाला. "खच्ची बैल. मी सवता चिमटा लावलाय. तुमच्या चूर्णाची चिमूट बी त्याच्या पोटात गेली न्हाय. सगळ्या पुड्या जपून ठेवल्यात. आता सांगा महाराज, जुळं कुटनं येणार?"

महाराज अडखळले, पण धंद्याची जीभ ती. "मुक्या जनावरावर बी देवाची किरपा…"

"व्हय व्हय, बैलाला बी गुण आला!" मागून एकजण खरोखर भक्तीनं ओरडला. केरबाला त्या आवाजाची किळस आली, महाराजांपेक्षाही जास्त.

तो पुढं गेला. चेला आडवा आला, पण गुंडूनं सहज मान हलवली आणि चेला बाजूला झाला. केरबानं तांब्याची कळशी उचलली आणि बायकांच्या जाजमावर नेऊन उपडी केली.

"बायानू, तुमी रोज मटकी भिजवता. मी सांगत न्हाय, तुमीच सांगा. एक दाणा चावून बघा."

कुणी हलेना. मग अनुजानं दाणा उचलला आणि चावला. तिच्या शेजारच्या म्हातारीनं चावला. तिसरीनं चावला.

"अगं बया, ही तर भाजलीया की!" म्हातारी ओरडली. "भाजलेल्या मटकीला कुटं मोड येत्यात व्हय?"

हे वाक्य जाजमावरून पसरत गेलं. बायका उठून दाणे चावत होत्या, थुंकत होत्या. मागच्या महिन्यात ज्यांनी ताटातला प्रसाद खाल्ला होता, त्या तोंडाला पदर लावून बाहेर पळाल्या. एक जण उभी राहून नवऱ्याला म्हणाली, "माझ्या सासूनं मला आट दिस उपाशी ठेवलं ह्याच्यापायी. भाजक्या मटकीपायी!" नवरा बाटली कुठं लपवावी ते बघत होता.

तानाबाई बसल्या जागीच होत्या. "पर माझ्या पोराचं बी…" त्या म्हणाल्या. "त्येचं तर जागं झालतं."

पृथ्वीराजनं दावं केरबाच्या हातात दिलं. माईक घेतला नाही, पण त्याचा आवाज मैदानावर सवय झालेला होता.

"आये, माझं बी पयल्यापासनं कमी हुतं. डॉक्टरनं सांगितलं हुतं. मी लपवलं. जे हुतं त्ये ह्येच्या चूर्णानं आटलं. आता एक बी न्हाय. काचंतनं माझ्या डोळ्यानं बघितलंय. अनुजात काय बी दोष न्हाय. मलकापूरच्या पावण्यांस्नी म्हणावं, चहा घ्या आन जावा."

एवढ्या पुरुषांसमोर एका पुरुषानं हे म्हटलं, तेव्हा रांगेतल्या कितीतरी माना खाली गेल्या. चष्मा पुसणारे सर हळूच बाहेर निघून गेले. बाटली त्यांनी खांबापाशी ठेवली.

प्रीतीनं प्रयोगशाळेचा निकाल औषध खात्याला आधीच कळवला होता. साहेब लोक दुपारी आले, तोवर महाराज मागच्या दारानं पसार झाले होते. पुढं धरले गेले. झोपाळा, कळशा, निळ्या झाकणाच्या बाटल्यांचं पोतं तिथंच राहिलं.

केरबा गुंडूला टेम्पोत चढवत होता, तेव्हा भोगावतीकाठचाच एक तरणा गडी जवळ आला. इकडंतिकडं बघून म्हणाला, "डॉक्टर, मग तुमच्याकडं काय औषीद हाय का वो?"

केरबाच्या मनात आलं, याच्या थोबाडीत द्यावी. गर्दीनं एका महाराजाला टाकलं आणि तासाभरात दुसरा शोधायला लागली. पण त्या पोराचे डोळे बघून त्यानं राग गिळला.

"म्हैस हाय का घरात?"

"हाय की."

"तिला भरवताना कुठल्या वळूची नळी, तपासलेली हाय का, इचारतोस?"

"इचारतो."

"मग सवतासाठी तेवढं तरी कर. डॉक्टरकडं जा. आणि बायकूच्या आधी तू तपासून घे. लाज वाटली तर वाटू दे. लाजंनं कोण मरत न्हाय."

पृथ्वीराजचं बी पुन्हा येणार का, हे अजून ठरलेलं नाही. प्रीती म्हणते, थोडी हालचाल दिसायला लागली आहे, थांबा. तानाबाई सुनेशी बोलतात, पण नजर चुकवून. अनुजा मटकी खात नाही. मिसळ पुढं आली तरी ताटली सारते. केरबानं मात्र अंबूबाईचं फडकं पुन्हा खुंटीला लावलं आहे. बुधवारी भिजवतो, गुरुवारी बांधतो, एकटाच उसळ करून खातो. मीठ अजून जमत नाही.

मूल हवं असणं यात वाईट काही नाही. दुखणं आलं की माणूस कुठंही धावतो, यातही नवल नाही. पण आपली कळ हे ज्यांचं भांडवल असतं, ते लोक आपल्याच शहाणपणाचे शब्द वापरतात. बी म्हणतात, रान म्हणतात, तपासा म्हणतात. तपासाच. पण दाणे त्यांचे, पाणी त्यांचं, निकालही त्यांचाच, असली तपासणी नको. आपल्या घरातले दाणे, आपलं पाणी, आपले डोळे. आणि पुन्हा कुणी महाराज हातावर मटकी ठेवेल, तेव्हा हात जोडायच्या आधी एक दाणा चावून बघा.